पाण्याची रेघ, ओट्याची रेघ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर आम्ही सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचे दार ढकलून उघडले, तेव्हा स्वयंपाकघरात पांढऱ्या आणि तपकिरी रंगांची अदलाबदल झालेली होती. भिंतींवर जमिनीपासून चार फुटांवर पाण्याची सरळ रेघ उमटली होती. तिच्या खाली गाळाचा तपकिरी पट्टा आणि वर आधीचा पांढरा रंग जसाच्या तसा. कोपऱ्यातल्या सागवानी फडताळावरही त्याच उंचीवर रेघ होती, परंतु तिथले रंग नेमके उलटे होते. रेघेच्या वर जुन्या पॉलिशचा गडद तपकिरी रंग शाबूत होता, आणि खाली, ओल्या फडक्याने गाळ पुसल्यावर, लाकूड राखेने सारवल्यासारखे पांढुरके दिसत होते. घरात अजून वीज आलेली नव्हती, पायांखाली घोटाभर चिखल होता, आणि अशा वेळी माझे लक्ष फडताळाच्या रंगाकडे जावे याचे मलाच नवल वाटले. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी बाकीच्या कशाकडे पाहवत नव्हते.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. २००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून परत गेले होते, त्यामुळे 'आपल्याकडे पाणी उंबऱ्याच्या आत येत नाही' असा एक गोड गैरसमज घरात चौदा वर्षे सुखाने नांदत होता. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. नागपंचमीच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी दिसू लागलेले पाणी नंतर आठवडाभर आमच्या घरात मुक्कामाला होते, आणि आम्ही सासूबाईंना घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे.

पुराआधीचे आमचे स्वयंपाकघर २०१२ मध्ये केलेले होते. खोली आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब, खिडकी एकच, आणि तीही मागच्या बोळाकडे उघडणारी, जिच्यासमोर चार हातांवर शेजाऱ्यांची भिंत आहे. अशा खोलीत आम्ही, तेव्हाच्या रीतीला अनुसरून, वरपासून खालपर्यंत 'वेंगे' नावाचा रंग घेतला होता. वेंगे हे आफ्रिकेतले एक काळसर लाकूड आहे आणि आमच्या कपाटांवर त्याचे केवळ छापील चित्र चिकटवलेले आहे, हे मला फार उशिरा कळले. पांढरा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्के भाग पुन्हा खोलीत टाकतो, तर इतक्या गडद तपकिरीला दहावा हिस्सा परत करणेही जमत नाही. त्यामुळे आमच्याकडे सकाळी दहा वाजतासुद्धा तांदूळ निवडायचे तर ताट घेऊन पुढच्या सोप्यात येऊन बसावे लागे. 'या रंगावर मळ दिसत नाही' असे आम्हाला दुकानात सांगितले गेले होते, आणि ते खरेही होते. परंतु स्वयंपाकघरात मळ दिसणे हा दोष नसून सोय आहे, असे माझे मत त्या सात वर्षांत पक्के झाले.

पुराने त्या कपाटांचा निकाल लावला. प्लाय म्हणून आमच्या गळ्यात मारलेले पाट आतून दाबलेल्या भुशाचे निघाले आणि भिजवलेल्या पोह्यांसारखे फुगले. बोट लावले की ढलपा हातात येत असे. वरची कपाटे पाण्याला सहा इंचांनी चुकली होती, परंतु आठवडाभराच्या दमट हवेत त्यांच्या पाठींवर काळी बुरशी धरली आणि स्क्रूंची पकड सुटली. विकणाऱ्याकडे दाद मागावी असे एकदा मनात आले, पण त्याची पावती खालच्याच ड्रॉवरमध्ये होती.

फडताळ मात्र उभे होते. माझ्या आजेसासऱ्यांनी जुन्या वाड्याची माडी उतरवली तेव्हा निघालेल्या सागवानातून ते करवून घेतलेले होते. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, वर दोन आणि खाली दोन दारे. आमच्या सुतारमामांनी पटाशीच्या टोकाने त्याच्या पांढऱ्या भागावर एक बारीक ओरखडा काढला, निघालेला कण चिमटीत चोळला, त्याचा वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, लाकूड नाही पांढरं झालं. चपडा पांढरा झालाय." चपडा म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी, वितळवून पातळ पापुद्र्यांसारखी केलेली लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरांवर थर घासत गेले की जुन्या फर्निचरची ती खोल चमक येते. पाण्याशी मात्र तिचे फार काळ जमत नाही. ओल त्या थरात शिरली की प्रकाश आरपार न जाता आतल्या आत विखुरतो आणि पारदर्शक पॉलिश दुधाळ दिसू लागते. ढग किंवा साबणाचा फेस पांढरा दिसतो त्याचेही कारण हेच. म्हणजे फडताळावरचा तो पांढरा रंग मुळात रंगच नव्हता. त्याच्या खालचे सागवान, ज्याच्या अंगातच तेल असते, कृष्णेत आठवडाभर उभे राहूनही काही झाले नाही अशा थाटात होते. मामांनी चार-सहा ठिकाणी टकटक केली, मागची एक फळी तेवढी बाद ठरवली, आणि फडताळाचे काय करायचे ते सावकाश ठरवा असे सांगून ते पुढच्या घरी गेले, कारण त्या महिन्यात गावभागातल्या प्रत्येक घरी त्यांची वाट पाहिली जात होती.

दिवाळीनंतर आम्ही नव्या स्वयंपाकघराचा विचार सुरू केला. पांढरे आणि तपकिरी असे दोन रंग एकत्र करावेत, ही कल्पना माझी नव्हे. ती विश्रामबागेतल्या एका तरुण गृहसजावटकाराची. त्याने संगणकावर जे चित्र काढून दाखवले, त्यात ओट्याची लांब भिंत वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कपाटांची होती आणि तिला काटकोनात असलेली आखूड भिंत सगळी तपकिरी. पडद्यावर ते देखणे दिसत होते. परंतु पडद्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिज नसतो, गॅसचा सिलिंडर नसतो, दाराआड लटकवलेली सूप-चाळण नसते, आणि मुख्य म्हणजे खोलीपासून दहा फूट मागे जाऊन पाहण्याची मुभा असते, जी आठ फुटांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला कधीच मिळत नाही. म्हणून मी घरी येऊन एक जरा हास्यास्पद प्रयोग केला. मोकळ्या भिंतींवर दोऱ्या बांधल्या, एका बाजूला घरातली दोन पांढरी धोतरे लावली आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी घोंगडे, आणि दाराच्या चौकटीत उभी राहून बराच वेळ पाहिले. खोली उभी चिरल्यासारखी दिसत होती. पांढरी भिंत पुढे आली होती, तपकिरी मागे सरकली होती, आणि जिथे दोन्ही मिळत होत्या तो कोपरा उगाच महत्त्वाचा झाला होता, जरी त्या कोपऱ्यात आम्ही फक्त केरसुणी ठेवतो.

मग मी घोंगडे काढून ओट्याच्या उंचीच्या खाली सगळीकडे फिरवले आणि धोतरे वर. खोली एकदम गप्प झाली. याचे कारण मी बरेच दिवस शोधत होते, आणि मला सापडले ते असे, की ओट्याच्या दगडाची कड ही स्वयंपाकघरात आधीपासून असलेली, दोन्ही भिंतींवरून सलग जाणारी एक रेघ आहे. उभे राहून काम करणाऱ्याचे हात तिथे टेकतात, तिच्या वरची आणि खालची कामे वेगळी आहेत, आणि डोळ्याला ती रेघ इतकी सवयीची असते की तिथे रंग बदलला तर तो बदल म्हणून जाणवत नाही. उभ्या रेघेला आमच्या खोलीत असा कोणताही आधार नव्हता. मोठ्या स्वयंपाकघरात, जिथे एखादी भिंत स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, तिथे त्या तरुणाचे म्हणणे कदाचित योग्य ठरेल. लहान खोलीत नव्या रेघा ओढण्यापेक्षा असलेल्या रेघेचा उपयोग करून घेणे बरे, असे मला वाटते.

आणि हे काही नवे नाही. आपल्याकडच्या वाड्यांना खाली काळ्या दगडाचे जोते असते आणि वर विटा-मातीच्या, चुन्याने धवळलेल्या भिंती. गावाकडच्या साध्या घरांनाही पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी कावेचा हातभर पट्टा ओढण्याची चाल आहे. लहानपणी तो पट्टा मला केवळ शोभेचा वाटे. पावसाळ्यात अंगणातला चिखल भिंतीवर नेमका तेवढ्याच उंचीपर्यंत उडतो, हे लक्षात यायला मला स्वतःचे घर चिखलात गेलेले पाहावे लागले.

आमच्या स्वयंपाकघरात चिखलाची जागा हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या कपाटांना ते कितीतरी आधीपासून मिळालेले होते. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात त्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्याची जुनी पद्धत होती, आणि बाजारात हळदीचे सौदे सुरू असले की त्या रस्त्यावरून नुसते चालत गेले तरी नाकाला कळते. अशा गावात पांढरी कपाटे करायची म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता हळदीचा हात कुठे लावायचाच नाही, असं का? मग स्वयंपाक करायचा तरी कसा?" त्यांचा प्रश्न थट्टेचा होता, पण मी त्याला गंभीरपणे घेतले आणि पुढचा आठवडाभर, स्वयंपाक करताना माझा हात नेमका कुठे कुठे जातो, याच्यावर पाळत ठेवली. निष्कर्ष सरळ होता. फोडणी घातल्यावर, कणीक मळताना मध्येच, भाजी चिरता चिरता, म्हणजे हात खराब असताना आपण उघडतो ती सगळी खालची दारे. मिसळणाचा डबा, चटणीची बरणी, तेलाचे भांडे, कढया, सांडशी हे सगळे खालीच असते. वरच्या कपाटांकडे हात जातो तो बहुधा स्वयंपाकाच्या आधी किंवा नंतर, डाळीचा डबा काढायला किंवा पाहुण्यांचे कप ठेवायला, आणि तेव्हा तो हात धुतलेला असतो. तपकिरी खाली आणि पांढरे वर, या मांडणीला यापेक्षा सबळ कारण मला कोणत्याही सजावटीच्या मासिकात मिळाले नसते.

हळदीच्या डागाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पांढऱ्या कपाटांचा विषय निघाला की तीच भीती पुढे येते. डाग पडल्याबरोबर त्यावर साबण किंवा सोडा चोळला की तो लालभडक होतो आणि गृहिणीच्या पोटात गोळा येतो. हळदीतला पिवळा रंग अल्कधर्मी पदार्थाशी मिळाला की लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच न्यायाने, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, साध्या पाण्याने पुसले की लाली उतरते. पिवळा डाग मागे राहतो, त्याला उपाय ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे पांढऱ्या टॉवेलावर प्रत्येकीने पाहिलेले असते. कपाट काही दोरीवर वाळत घालता येत नाही, ही अडचण आहेच. गुळगुळीत लॅमिनेटमध्ये मात्र हळद फारशी मुरत नाही. ती बसते दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीच्या सांध्यात आणि मुठीच्या बुडाशी. म्हणून मी पांढऱ्या दारांना मुठीच लावल्या नाहीत. दाराची खालची कड थोडी बाहेर ठेवून तिथे बोटे घालून ओढायची सोय केली.

पांढरा रंग निवडायला गेलो तेव्हा मिरजेच्या वाटेवरच्या दुकानात आमच्यासमोर पांढऱ्याचे एकवीस तुकडे मांडले गेले, आणि मला मराठीतले सगळे पांढरे आठवू लागले: दुधाळ, हस्तिदंती, चुन्यासारखा, पांढराफटक, साईचा. तपकिरीच्या बाबतीत आपली भाषा इतकी उदार नाही. 'तपकिरी' हा शब्दच मुळी तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढायच्या पुडीवरून आलेला. माझ्या आजीच्या कनवटीला त्या पुडीची डबी असे, त्यामुळे हा शब्द लिहिताना मला अजूनही शिंक आठवते. बोलताना मात्र आम्ही सगळे त्याच रंगाला 'चॉकलेटी' म्हणतो. दुकानदार 'वॉलनट' म्हणत होता. सुतारमामांनी तुकडा उलटसुलट करून 'काथासारखा आहे' असा शेरा मारला, आणि मला वाटते, तिघांत नेमका शब्द त्यांचाच होता.

तपकिरी लॅमिनेट घ्यायचेच नाही, हे मात्र त्याच दुकानात ठरले. दुकानदाराने सागवानासारखी दिसणारी छापील शीट दाखवली आणि मामांनी हळूच विचारले, "घरात खरं सागवान उभं असताना त्याचा फोटो कशाला विकत घ्यायचा, वहिनी?" त्यांनी हिशेब मनात करून ठेवलेला होता. फडताळाच्या दोन बाजू आणि चार दारे मिळून जे लाकूड निघेल, त्यात दोन फूट उंचीची सहा दारे आरामात बसत होती. फडताळ मोडायचे म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस कमी बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्यातले राहिलेले सामान, जुन्या पितळी डब्यांची झाकणे आणि एक तुटलेली सोऱ्याची पट्टी, स्वतःच्या हाताने बाहेर काढले, आणि आम्ही ते होकार समजलो.

त्यानंतर पांढऱ्याची निवड सोपी झाली, कारण आता तो पांढरा कोणाच्या शेजारी बसणार हे माहीत होते. मी पाच तुकडे घरी आणले आणि सागवानाच्या रंधलेल्या फळीशेजारी खिडकीजवळ आठवडाभर ठेवले. दुकानात सर्वांत स्वच्छ, सर्वांत पांढरा वाटलेला तुकडा निळसर झाक असलेला होता. त्याच्याजवळ सागवान मळकट दिसू लागले, जणू धुवायचे राहून गेले आहे. साईच्या रंगाकडे झुकणारा, दुकानात जरा पिवळट वाटल्यामुळे मी बाजूला सारलेला तुकडा घरी आल्यावर निव्वळ पांढरा दिसला आणि त्याच्या सोबतीने लाकडातला सोनेरीपणा वर आला. रात्री ट्यूबलाइटखाली हे सगळे पुन्हा बिघडले. आमच्याकडच्या नेहमीच्या ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा, म्हणजे निळ्याकडे झुकलेला असतो आणि त्यात लाकूड राखाडी पडते. २७०० चा पिवळा दिवा लावला तर लाकूड खुलते, पण पांढरे कपाट तुपकट दिसते. शेवटी ४००० चे दिवे घेतले आणि त्यातली एक पट्टी वरच्या कपाटांच्या बुडाला, ओट्यावर उजेड पडेल अशी लावली, कारण वरच्या कपाटांची सावली नेमकी विळीवर पडते आणि त्या सावलीला कपाट पांढरे आहे की काळे याच्याशी काही घेणेदेणे नसते.

खालच्या भागात या वेळी लाकडी खोके केलेच नाही. उभे आणि आडवे पाट सगळे कडप्प्याचे, त्यांना दारे तेवढी सागवानाची. कडप्पा भिजतो आणि वाळतो, फुगत नाही; गावभागातल्या जुन्या घरांमध्ये ओट्याखाली कडप्प्याची मांडणी असे आणि वर कापडाचा पडदा, तीच पद्धत थोडी सुधारून घेतली म्हणा. तळाला नऊ इंच दगडी बैठक, त्यावर चोवीस इंचांचे दार, वर इंचाचा ग्रॅनाइट, असा ओटा चौतीस इंचांवर आला. कडप्पा काळा असल्यामुळे आत अंधार होतो आणि झुरळांचे फावते, म्हणून प्रत्येक खणाच्या तळाला पांढरी टाइल बसवली; तपकिरी दार उघडले की आत पांढरे दिसते, याची मला अजूनही गंमत वाटते. वरच्या कपाटांना मात्र प्लायच वापरला, आयएस ७१० या मानकाचा, ज्याच्या नमुन्याला चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. मी मामांना हे कौतुकाने वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "कृष्णामाईनं आठवडाभर ठेवलं होतं." पण उकळते नव्हते, असे मी म्हटले. यावर त्यांनी उत्तर दिले नाही.

फडताळ रंधून काढल्यावर मला धक्काच बसला. ज्या गडद तपकिरीसाठी मी एवढा घाट घातला होता, ती सगळी चपड्याची आणि शंभरेक वर्षांच्या धुराची होती. खालचे लाकूड फिकट, पिवळसर, मध्येच काळपट रेषांचे निघाले. पांढऱ्याशेजारी ते धड तपकिरीही दिसेना. मामा म्हणाले, "सहा महिने द्या त्याला." सागवान उजेडात ठेवले की हळूहळू गडद होत जाते आणि ताज्या कापातल्या त्या भडक रेषा एकमेकींत मुरतात, हे त्यांना ठाऊक होते, मला नव्हते. चपडा पुन्हा लावायचा प्रश्नच नव्हता. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हात मुरू देऊन, वरचे तेल पुसून. दर दिवाळीला एक हात पुन्हा द्यायचा असे ठरले. तेलाचे बोळे मामांनी टाकून न देता अंगणातल्या तारेवर एकेक पसरून वाळत घातले, कारण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून एका जागी राहिल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. या एका गोष्टीत ते इतके काटेकोर होते, की चहा आलेला असतानाही आधी बोळे मोजून घेत.

एक ठिकाण मात्र आम्ही दोन्ही रंगांच्या नियमाबाहेर ठेवले. शेगडीच्या डाव्या अंगाला, जिथे फोडणीचा धूर चिमणीला चकवून जातो, तिथे पांढरे कपाट चार महिन्यांत पिवळट आणि चिकट होणार हे उघड होते. तिथे कपाट केलेच नाही. फडताळाच्या माथ्याची नक्षीची फळी, जिचा दुसरीकडे कुठे उपयोग नव्हता, ती तिथे आडवी बसवली आणि तिच्यावर सासूबाईंचे पितळी डबे आले. त्यामुळे खालचा तपकिरी रंग वर एका जागी डोकावतो आणि वरचा पांढरा खाली टाइलमध्ये. हे मी आधी ठरवून केले असते तर बरे दिसले असते की नाही, कोण जाणे. मनात भीती होती की वरचा आणि खालचा भाग दोन वेगळ्या घरांतून आणल्यासारखा दिसेल, आणि ती भीती त्या एका फळीने घालवली. सासूबाई पहिल्या दिवशी आत आल्या, चहूकडे पाहिले आणि त्या फळीकडे बोट करून म्हणाल्या, "हे आपलं." बाकीच्या स्वयंपाकघराविषयी त्यांनी मत दिले नाही, पण तांदूळ निवडायला त्या सोप्यात जायच्या बंद झाल्या.

दारांच्या बिजागऱ्यांविषयी सांगायचे राहिले. मामांनी खालच्या सहाही दारांना खिळीवर बसणाऱ्या बिजागऱ्या लावल्या होत्या. दार पूर्ण उघडून वर उचलले की ते अलगद सुटते. तेव्हा मला त्या जुनाट वाटल्या होत्या, हळू मिटणाऱ्या आधुनिक बिजागऱ्या मिळत असताना. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागले आणि तिसऱ्या प्रहरी गल्लीत होडी दिसली, तेव्हा आम्ही दोघांनी ती सहा दारे काढून माळ्यावर टाकायला दहा मिनिटेही घेतली नाहीत. त्या वेळी पाणी पुलाजवळ ५५ फुटांच्या आसपास पोहोचले, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात दीड फूट. ओसरल्यावर कडप्पा आणि टाइल पाइप लावून धुतली, चार दिवस पंखा सोडला, आणि दारे खाली आणली. या वेळी रेघ उमटली ती फक्त दगडावर, आणि काळ्या दगडावरची गाळाची रेघ ओल्या फडक्याने गेली.

दारे बसवताना आमची मात्र चूक झाली. प्रत्येक दाराच्या मागे मामांनी पेन्सिलीने आकडा घातलेला होता, कारण लाकडाच्या रेषा एका दारातून दुसऱ्या दारात पुढे चालू राहतील अशा बेताने त्यांनी ती कापली होती. परंतु मधल्या दिवाळीच्या तेलात ते आकडे विरून गेले होते. पहिले आणि चौथे दार मापाने सारखे आणि दोन्हींच्या बिजागऱ्या उजव्या अंगाला, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली आणि आम्हाला ती कळलीसुद्धा नाही. कळली ती महिनाभराने, एका सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा. बेसिनखालच्या दाराला मी दीड वर्ष हात पुसायचा पंचा अडकवत असे. त्या पंचाखालचे सागवान उजेडाविना फिकटच राहिले होते आणि बाकीचे दार काथासारखे झाले होते. ते दार आता शेगडीखाली आहे. तिथे कधीही पंचा नव्हता, आणि पंचाच्या मापाचा, कडा नीट आखल्यासारख्या असलेला एक फिकट चौकोन मात्र आहे. मामांना सांगितले, तर म्हणाले, "पुढच्या खेपेला आलो की बदलून देतो." मी म्हटले, घाई नाही.